अनुभव धागा : अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग

पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मग लग्न, मग न्यू जर्सी, मग दोन मुलं. धाकटी आता शाळेत जाते आणि मी एकेचाळीसची झाले. इथल्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या असोसिएट डिग्रीला (म्हणे दोन वर्षांचा कोर्स) अर्ज करावा म्हणतेय. सासूबाई म्हणतात, एमएस्सी होऊन बेडपॅन उचलणार? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते लिहा. गोड गोड नको.

टेक्सासहून

'दोन वर्षांचा कोर्स' हे आधी डोक्यातून काढ. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रो, सायकॉलॉजी, इंग्रजी हे सगळं प्रवेशाआधी. माझं त्यातच दीड वर्ष गेलं. शिवाय बऱ्याच कॉलेजांत पाच-सात वर्षांपूर्वीचं सायन्स चालत नाही. मी भारतात मायक्रो शिकवत होते, तरी एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून पुन्हा ग्रॅम स्टेनिंग केलं. (ए आला. नसता आला तर तोंड कुठे दाखवलं असतं!) मग टीज ही प्रवेशपरीक्षा. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही, दुसऱ्या वर्षी लागला.

कॅलिफोर्नियाहून

माझी दांडी उडाली ती औषधांच्या गणितात. आमच्याकडे नव्वद टक्के हवेतच, नाहीतर क्लिनिकलला, म्हणजे पेशंटवरच्या प्रत्यक्ष कामाला, पाठवत नाहीत. आपल्याला काय, पाउंडांचे किलो करायचे, २.२ ने भाग, तोंडी होतं. उत्तरं सगळी बरोबर, पण दोन ठिकाणी '.५' लिहिलं, एका ठिकाणी '५.०'. तिन्ही चूक! टिंब दिसलं नाही तर दहापट औषध जातं, म्हणून '०.५' आणि नुसतं '५' असंच लिहायचं. त्या दिवशी चिडले होते. आता वॉर्डात दुसऱ्याचं अक्षर वाचताना चिडत नाही.

बेडपॅनचं म्हणशील तर पहिल्या क्लिनिकलला नर्सिंग होममध्ये एका ८९ वर्षांच्या आजोबांना स्पंजिंग करायचं होतं. परक्या पुरुषाला असा हात कधी लावलेला नाही, मी कापड धरून नुसती उभी. शेवटी तेच म्हणाले, "पाणी गार व्हायच्या आत उरक बाई." मग शिकवल्याप्रमाणे डोळ्यांपासून सुरू केलं, आतून बाहेर, दर डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. पायांपर्यंत पोचले तोवर ते घोरत होते.

इलिनॉयहून

एच-फोरवर (एच-वन-बी वाल्या नवऱ्यामागून येणाऱ्या बायकोचा व्हिसा) शिकता येतं, नोकरी करता येत नाही. ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, २०१५ पासून मिळतं, पण सरसकट सगळ्यांना नाही. मी एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होऊन अकरा महिने घरी पोळ्या लाटल्या. आधी व्हिसाचं बघ, मग फी भर.

न्यू यॉर्कहून

एनक्लेक्स बीएसएनवाल्यांना (नर्सिंगची बॅचलर डिग्री) आणि आपल्या असोसिएटवाल्यांना एकच. पण आमच्या राज्यात २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला (रजिस्टर्ड नर्सला) दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं, आणि मोठी हॉस्पिटलं आधीपासूनच तेच मागतात. मी नोकरी सांभाळून ऑनलाइन केलं. निबंधच निबंध, फार कंटाळवाणं. मात्र फीचा निम्मा भार हॉस्पिटलने उचलला.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. ईएडी आहे, त्यामुळे ती काळजी नाही. उन्हाळ्यात अ‍ॅनाटॉमी-१ ला नाव घालतेय. कॅलिफोर्नियावाल्या ताई, सासूबाईंना तुमच्या आजोबांचं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग पाणी गार झालं का?"