इन्क्लूड वेगळं, सोर्स वेगळं: एवढं सोवळं कशाला?

विजयनगरी, इंदूर: परवा फर्मान निघालं की ज्या सी प्लस प्लस लायब्ररीत इन्क्लूड (हेडर, म्हणजे घोषणांच्या फाइली) आणि सोर्स (प्रत्यक्ष कोड) अशी दोन फोल्डरं नाहीत, ती हौशी लोकांची. डोकंच फिरलं. अ‍ॅबसेल ही गूगलची लायब्ररी उघडून बघा: हेडर, सोर्स, टेस्ट एकाच फोल्डरात नांदतात. गूगल हौशी का? बोरिस कोल्पाकोव्हचा 2018 चा पी1204 हा सी प्लस प्लस समितीपुढचा प्रस्तावही म्हणतो, हेडर-सोर्सची जोडी तोडू नका. एक फंक्शन बदलायला किती हेलपाटे घालायचे?

जुना लिंकर: फर्मान माझंच, मागे घेत नाही. गूगलकडे व्हिजिबिलिटी (कोणी काय वापरायचं) सांभाळायला बेझेल हे बिल्ड टूल आहे, तुमच्याकडे काय? आम्ही एका क्लायंटला लायब्ररी दिली. आमच्याकडे बिल्ड हिरवं, त्यांच्याकडे ‘फाइल सापडत नाही’. पब्लिक हेडरने आतलं टेबल-इम्प्ल हेडर ओढलं होतं आणि ते इन्स्टॉलच होत नव्हतं.

विजयनगरी: म्हणजे दोन फोल्डरं असूनही फुटलंच की, भिया! पब्लिक काय ते सीमेक ह्या बिल्ड टूलच्या फाइल सेटमध्ये (फाइलींच्या यादीत) लिहा, 3.23 पासून सोय आहे. 3.24 मध्ये तर प्रत्येक हेडर एकटं कंपाइल होतं का, तेही तपासता येतं.

जुना लिंकर: अवतरणचिन्हांत नाव दिलेलं इन्क्लूड ते हेडर आधी त्याच फाइलच्या शेजारी शोधतं. तुमच्या एका फोल्डरात आतलं हेडर तिथेच सापडणार, तपासणी पास!

सराफ्यातली: फोल्डरांचं सोडा हो. आमच्याकडे हेडर कॉपी करतात आणि गार्ड (हेडर दुसऱ्यांदा आत येऊ न देणारी, नावावर चालणारी अट) तसाच ठेवतात. दुसरं हेडर गुपचूप रिकामं होतं आणि एरर तिसऱ्याच फाइलमध्ये. त्याऐवजी प्राग्मा वन्स ही एका ओळीची सूचना वापरू म्हटलं की सीनियर नाक मुरडतात.

जुना लिंकर: स्टँडर्डमध्ये नाहीच ते.

सराफ्यातली: जीसीसी, क्लँग, एमएसव्हीसी तिघांनाही चालतं. तुमचा चौथा कंपायलर होळकरांच्या काळातला का?

जुना लिंकर: एकाच हेडरच्या दोन प्रती, थोड्या वेगळ्या, दोन पाथवर असल्या की प्राग्मा दोन्ही आत घेतो. मग बसा रीडेफिनिशनचे, म्हणजे एकच गोष्ट दोनदा आल्याचे, एरर मोजत. गार्डमध्ये लायब्ररीचं नाव आणि पाथ घाला, विषय संपला.

सराफ्यातली: दोन प्रती ठेवल्याच कशाला? इंदुरात राहून एवढा कचरा?

जुना लिंकर: थर्ड पार्टी कोड कधी सांभाळलायत का? उगाच शिकवू नका.

ग्वाल्हेरवाला: भांडा खुशाल, पण आत लायब्ररीच्या नावाचं फोल्डर हवंच. आमच्या एकाने कॅपिटल एसचं स्ट्रिंग डॉट एच थेट सर्च पाथवर, म्हणजे कंपायलर हेडर शोधतो तिथे, टाकलं. लिनक्सवर चाललं. विंडोजवर मोठं-लहान अक्षर एकच, म्हणून सी भाषेचं स्ट्रिंग डॉट एच मागणारा प्रत्येक जण ह्याच्याच दारात!

विजयनगरी: हे शंभर टक्के. पण तेही एकत्र मांडणीत जमतं. आणि लिंकरसाहेब, अवतरणाचा मुद्दा घेतला, नाइलाजाने. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) लायब्ररी इन्स्टॉल करून बाहेरचा छोटा प्रोग्राम बिल्ड करा. चूक कुठल्याही मांडणीत सापडेल.

जुना लिंकर: ते आम्ही क्लायंटच्या शिव्या खाल्ल्यावर लावलंच. फोल्डरं मात्र दोनच राहणार.

सराफ्यातली: आणि गार्ड?

जुना लिंकर: गार्डच.