मशीनचा आकडा फक्त वरच्या थराचा असतो

एक्सआरएफ, म्हणजे एक्स-किरणांनी धातू तपासणारं मशीन, तीस सेकंदांत कॅरेट सांगतं, मग सोनं कापून वितळवायचं कशाला, असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा मला अर्धाच पटला. दागिना न मोडता अंदाज घ्यायला मशीन उत्तमच. पण ते किरण सोन्यात काही मायक्रॉनच शिरतात. वरचा मुलामा जाड असेल तर आत काय आहे हे त्याला कळत नाही. टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याइतकीच, त्यामुळे तसा गाभा वजनावरूनही पकडता येत नाही.

वाद मिटवायचा तर अग्निपरीक्षणच हवं, आपल्याकडे त्याचं मानक आयएस १४१८. तोलून घेतलेल्या नमुन्यात त्यातल्या सोन्याच्या साधारण अडीचपट चांदी मिसळून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं तांब्यासकट त्या वाटीत मुरतं, वर सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी निघून जाते. उरलेलं सोनं पुन्हा तोलायचं. शेवटी निकाल तराजू देतो, म्हणून माझा विश्वास यावर. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, देशभरच्या सराफ बाजारांत पिढ्यानपिढ्या शिसं आणि तेजाबाचंच काम करत आलेत. या चर्चेत त्यांचा उल्लेख यायलाच हवा.