दावेदार, कारभारी आणि धाकटी पाती : स्कॉटलंडच्या गादीसाठी मराठी शब्द हवेत

विचारणा : एक जर-तरची कथा लिहितोय. १२८६च्या मार्चमध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून गेला. तिन्ही मुलं आधीच वारलेली. उरली नॉर्वेला दिलेल्या लेकीची मुलगी मार्गारेट, वय जेमतेम तीन. १२९०मध्ये स्कॉटलंडला येताना ती ऑर्कनी बेटांवर वारली. माझ्या कथेत ती जगते. अडलंय ते शब्दांपाशी. तिच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सहा जणांना 'पालक' म्हटलं की शाळेची पालकसभा आठवते. 'बारभाई' चालेल? आणि 'दावेदार' फार मुख्यमंत्रिपदाच्या बातमीतला वाटतो.

प्रतिसाद : बारभाईंचा मोह समजू शकतो. नारायणरावांच्या खुनानंतर गंगाबाईंच्या बाळंतपणाकडे जसे सगळ्यांचे डोळे लागले होते, तसे अलेक्झांडरची विधवा योलांद हिच्याकडेही लागले होते. तिला मात्र वारस झाला नाही. तरी शब्द नको. एक तर ते पुण्याचं विशेषनाम, आणि 'बारभाई कारभार' म्हटलं की आज गोंधळच डोळ्यांपुढे येतो. हे सहा जण, दोन बिशप, दोन अर्ल, दोन बॅरन, बऱ्यापैकी नीट वागले. सरळ 'कारभारी' लिहा.

प्रतिसाद : 'दावेदार' खऱ्या इतिहासाला अगदी चपखल आहे. मार्गारेट गेल्यावर डझनभराहून अधिक जणांनी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डपुढे हक्क मांडले. खरी लढत दोघांत. दोघंही राजघराण्यातल्या हंटिंग्डनचा अर्ल डेव्हिड याच्या लेकींच्या वंशातले. जॉन बॅलिओल थोरल्या लेकीचा नातू, रॉबर्ट ब्रूस मधलीचा मुलगा (पुढे गाजलेल्या ब्रूसचा हा आजोबा). आपल्याकडे याला देवास संस्थानाच्या दोन शाखांसारखे तयार शब्द आहेत : थोरली पाती, धाकटी पाती. ब्रूसचं म्हणणं, पाती धाकटी असली तरी मी एक पिढी जवळचा. धाकट्या लेकीचा नातू जॉन हेस्टिंग्ज तर चक्क वाटणी मागत होता, राज्याचे तीन हिस्से! आणि आपला मुद्दा पडतोय म्हटल्यावर ब्रूसही वाटणीच्या बाजूने बोलू लागला. १०४ पंच बसले होते : बॅलिओल आणि ब्रूसचे ४०-४०, एडवर्डचे २४. राज्याचे तुकडे होत नाहीत असं ठरलं आणि नोव्हेंबर १२९२मध्ये बेरिक इथे थोरल्या पातीला गादी मिळाली.

विचारणाकर्ता : पाती झकास! पण माझ्या कथेत तर मार्गारेट जिवंत आहे.

प्रतिसाद : मग दावेदार आणि पंच दोन्ही गळतात. पंच बसवायची वेळच येत नाही, त्यामुळे निवाड्याच्या निमित्ताने एडवर्डने आधी स्वतःचं अधिपतित्व कबूल करून घेतलं, तेही टळतं. ब्रूस मात्र राहील. मार्गारेट गेल्याची नुसती कुणकुण लागताच तो माणसं घेऊन पर्थला हजर झाला होता. त्याला 'दावेदार' नको, 'गादीवर डोळा असलेला' म्हणा.

प्रतिसाद : दोन शब्द जपून वापरा. 'मांडलिक' टाळा. १२९०च्या बर्गमच्या करारात मार्गारेटचं लग्न एडवर्डच्या मुलाशी ठरलं, पण स्कॉटलंड वेगळं आणि स्वतंत्र राहील हेही त्यात स्पष्ट होतं. 'विलीनीकरण' तर नकोच, ते संस्थानांचं. एकाच डोक्यावर दोन मुकुट हे खऱ्या इतिहासात १६०३मध्ये घडलं. तुमच्या कथेत ते मार्गारेटच्या मुलाच्या वेळी, जवळपास तीनशे वर्षं आधी घडेल.

दुसरा शब्द 'राणी'. मराठीत राणी म्हणजे आधी राजाची बायको. ही इंग्लंडमध्ये तशी राणी, स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या हक्काने गादीवर. त्यामुळे पहिल्याच प्रकरणात एकदा 'गादीची धनीण' लिहून टाका, मग पुढे खुशाल राणी म्हणा.