गल्ली रुंद झाल्यावर लोकांचे वागणे बदलले. निवेदनात नेमके काय मागावे?

प्रश्न: रामबागकर, इंदूर

नमस्कार. आमची गल्ली इंदूरच्या जुन्या वस्तीतील आहे. पूर्वी घरांपुढे ओटले होते, रस्ता अरुंद आणि थोडा वाकडा होता, त्यामुळे दुचाकीसुद्धा जपूनच आणावी लागे. रुंदीकरणात ओटले गेले आणि आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंट काँक्रीटचा सरळ, गुळगुळीत रस्ता झाला आहे. पावसाचे पाणी साचणे थांबले, रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ लागली, हे चांगलेच झाले. परंतु संध्याकाळी बाहेर बसणाऱ्या आजी-मावश्या आता घरातच बसतात, मुले गच्चीवर खेळतात, आणि पायी पाच मिनिटांवरच्या शाळेतही पालक मुलांना गाडीवर सोडतात, कारण गल्लीतून वाहने भरधाव जातात.

रहिवाशांच्या बैठकीत बहुतेकांचे मत पडले की लोकांना शिस्त उरलेली नाही, तेव्हा कॅमेरे, फलक आणि दंड मागावेत. मला हे पुरते पटत नाही. हेच इंदूरकर रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात दाटीवाटीने चालताना एकमेकांना वाट देतात, छप्पन दुकान या खाऊगल्लीपाशी गाडी लांब लावून निवांत पायी फिरतात. माणसे तीच असताना जागा बदलली की वागणे बदलते, याचा अर्थ रस्त्याची आखणीच वागणे घडवते असा घ्यावा का? आणि तसे असेल, तर नगर निगमाला द्यायच्या निवेदनात आम्ही काय मागावे?

उत्तर: निवृत्त स्थापत्य अभियंता

आपली शंका रास्त आहे. वाहन चालवणारा माणूस वेग ठरवताना फलकाकडे क्वचितच पाहतो. समोरचा रस्ता किती रुंद, किती सरळ आणि किती मोकळा दिसतो, यावरच त्याचा हात आणि पाय चालतात. महामार्गावर रुंद मार्गिका आणि लांबवर दिसणारी सरळ रेषा सुरक्षिततेसाठी ठेवतात, कारण तिथे वेग गृहीतच धरलेला असतो. तीच वैशिष्ट्ये वस्तीत आणली की ‘वेगाने गेलात तरी चालेल’ असा निरोप चालकाला मिळतो आणि तो निरोप फलकावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी प्रभावी ठरतो.

वेगातील फरक कागदावर लहान दिसला तरी परिणामात फार मोठा असतो. ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 8 मीटर जाते, 50 किलोमीटर वेगाचे सुमारे 14 मीटर. चालकाला धोका उमगायला साधारण एक सेकंद जातो असे धरले, तरी तेवढ्यात ब्रेकही न लागता एवढे अंतर कापले जाते. पुढे ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 50 च्या वेगाला ते 30 च्या तुलनेत जवळपास पावणेतीन पट लागते. म्हणूनच रस्ता सुरक्षेविषयीच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने नेहमी एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी 30 किलोमीटर असावा, असा आग्रह धरलेला आहे.

निवेदनात सर्वप्रथम गल्लीच्या दोन्ही तोंडांविषयी लिहावे. कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर मुख्य रस्त्यावरून येणारे वाहन वेग न सोडता आत शिरते. गोलाई लहान केली की त्याला वेग सोडावाच लागतो आणि पायी रस्ता ओलांडण्याचे अंतरही घटते. त्याच ठिकाणी गल्लीचा पृष्ठभाग फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलून घेतला, तर आपण दुसऱ्यांच्या वस्तीत प्रवेश करत आहोत हे चालकाला न सांगता कळते.

गल्लीत वेगळा फूटपाथ मागण्यापूर्वी मात्र विचार करावा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात कित्येक फूटपाथ याहून खूप उंच असतात, दर फाटकापाशी तुटतात आणि मधोमध विजेचा खांब किंवा डीपी (वीजवितरणाची पेटी) उभी असते. गुडघे दुखणारी व्यक्ती ती चढ-उतार टाळून रस्त्यावरून चालते आणि फूटपाथ असूनही लोक रस्त्यावर चालतात, असा दोष आपण तिलाच देतो. एवढी रुंदी मिळत नसेल, तर सबंध गल्लीच पायी चालणाऱ्यांची मानून वाहनांना त्यात हळू येऊ देणे अधिक योग्य.

उत्तर: पलासियाहून

सगळा भार आखणीवर टाकणे मला मान्य नाही. चौराहा तोच, सिग्नल तोच, पण पोलीस उभा असला की वाहने पांढऱ्या रेषेमागे थांबतात आणि तो गेला की झेब्रा क्रॉसिंगवर येतात. स्वच्छतेच्या बाबतीत 2017 पासून आपले शहर देशात अग्रेसर ठरत आले, त्यामागेही दंड, पाठपुरावा आणि लोकांच्या मनात रुजवलेला अभिमान होताच. तेव्हा कॅमेऱ्याची मागणी निवेदनातून वगळू नये.

उत्तर: निवृत्त स्थापत्य अभियंता

स्वच्छतेचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले. दंड आणि अभिमान होताच, पण त्याआधी रस्त्यांवरच्या कचराकुंड्या हटवल्या गेल्या आणि दारोदार कचरागाडी येऊ लागली. कुंडी होती तोवर तिच्याभोवती कचरा साचत असे, कारण लांबून फेकणे सोपे होते. ती जागाच नाहीशी झाली आणि योग्य वागणे सर्वांत सोपे झाले, त्यानंतर दंडाला अर्थ आला. पोलिसाविषयीचे आपले निरीक्षणही खरे आहे, परंतु प्रत्येक गल्लीत पोलीस उभा करणे शक्य नाही. रस्त्याचा आकार मात्र चोवीस तास तिथेच असतो. कॅमेरा जरूर मागावा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

उत्तर: लोकमान्यनगरची वाचक

वेगाविषयी वर सविस्तर आले आहे. मला बसण्याविषयी लिहायचे आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बऱ्याच अंशी सारख्या अशा तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावर दिवसाला सुमारे 2,000 वाहने होती, दुसऱ्यावर 8,000 आणि तिसऱ्यावर 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांचे त्याच रस्त्यावरील मित्र जास्त रहदारीवाल्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. ‘आपले घर’ म्हणताना पहिल्या रस्त्यावरील लोक सबंध रस्ता मोजत, तर तिसऱ्यावरील लोक आपल्या दारापर्यंतच थांबत. आपल्या गल्लीतील आजी-मावश्या घरात गेल्या, त्यात त्यांच्या स्वभावाचा किंवा दूरदर्शन मालिकांचा दोष शोधण्याचे कारण नाही.

ओटला घर आणि रस्ता यांच्या मधली जागा होती. तिथे बसायला निमंत्रण लागत नसे, भाजी निवडता निवडता येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष राही आणि शाळेतून परतणाऱ्या मुलीला दहा ओळखीचे चेहरे दिसत. ज्या रस्त्यावर अशी नजर असते तिथे मुली संध्याकाळी उशिरापर्यंत निर्धास्त चालतात. नुसत्या उजेडाने ते साधत नाही. कॅमेरा प्रसंगानंतर उपयोगी पडतो, ओटल्यावरची मावशी प्रसंगाआधीच हाक मारते. रुंदीकरणाच्या नकाशात तिची कुठे नोंदच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओटले परत बांधता येणार नाहीत, ते अतिक्रमण ठरेल. पण गल्लीत दोन-तीन ठिकाणी कडुनिंबाचे झाड आणि त्याभोवती बसता येईल अशा उंचीचा पार मागता येईल. असा पार रस्त्याच्या एका बाजूला, पुढचा दुसऱ्या बाजूला ठेवला तर सरळ रेषा मोडते आणि वेगही आपोआप कमी होतो, म्हणजे एकाच खर्चात दोन्ही कामे होतात. अग्निशमनाची गाडी जाईल एवढी मोकळी रुंदी राखली आहे, हे निवेदनात स्पष्ट लिहावे, कारण पहिला आक्षेप तोच येईल.

प्रश्नकर्ता: रामबागकर

सर्वांचे आभार. बैठकीत काही जणांनी प्लास्टिकचे काळे-पिवळे गतिरोधक स्वखर्चाने लावण्याचे सुचवले आहे. ते योग्य होईल का?

उत्तर: निवृत्त स्थापत्य अभियंता

कृपया लावू नयेत. त्या अरुंद पट्ट्यांवर पाठीला दणका बसतो, म्हणून दुचाकीस्वार कडेच्या फटीतून, म्हणजे नेमके पायी चालणाऱ्यांच्या जागेतून गाडी काढतात. इंडियन रोड्स काँग्रेसने सुचवलेला उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर असतो. ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेग असेल तर तो सहज ओलांडता येतो आणि त्याहून जास्त वेगालाच त्रास देतो. तो नगर निगमाकडूनच, कडेपासून कडेपर्यंत आणि पाण्याचा निचरा सांभाळून करून घ्यावा.

उत्तर: जुन्या इंदूरचा अभ्यासक

या प्रश्नाला आपल्याच शहरात शंभर वर्षांपूर्वीचा आधार आहे आणि निवेदनात तो जरूर द्यावा. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरचा नगररचना अहवाल तयार केला, तो 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ते कापत नेण्याला त्यांचा विरोध होता. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक आणि झाडे आणावीत आणि बाकीची वस्ती आहे तशी राखावी, अशी त्यांची पद्धत होती.

त्यांचे चरित्रकार प्लेगच्या काळातील एक प्रसंगही सांगतात. त्या वर्षीच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवरील लोक घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ ठेवतील त्या रस्त्यांवरून जाईल, असे गेडिस यांनी आधीच जाहीर करवले. लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. दवंडी पिटून दंडाची भीती घातली असती तर इतके झाले असते असे मला वाटत नाही.

एक सूचना. निवेदनापूर्वी एखाद्या रविवारी नगर निगमाची परवानगी घेऊन गल्लीच्या तोंडाशी चुन्याने लहान गोलाई आखावी, पाराच्या जागी कुंड्या आणि खुर्च्या मांडाव्यात, आणि दिवसभर वाहने कशी वळतात, कोण कुठे बसते, मुले कुठवर येतात याची छायाचित्रे घ्यावीत. त्यांच्या शेजारी सध्याच्या रस्त्याची त्याच वेळेची छायाचित्रे जोडावीत. वॉर्डाच्या अभियंत्याला त्या दिवशी संध्याकाळी, मुले खेळायला उतरतात त्या सुमारास, प्रत्यक्ष बोलवावे.