मदत हवी आहे : कॉन्टेसाचा लाइन लॉक ८-१० सेकंदांत सुटतो

गाडी कॉन्टेसा १.८ पेट्रोल, रिअर व्हील ड्राइव्ह. ड्रॅगसाठी (सरळ रस्त्यावरची वेगाची शर्यत) तयार करतोय, पण कोल्हापुरात रोज रस्त्यावर चालते. लाइन लॉक म्हणजे बटण दाबलं की फक्त पुढचे ब्रेक दाबलेले धरून ठेवणारी सोय; त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) मास्टर सिलिंडरकडून फक्त पुढच्या ब्रेककडे जाणाऱ्या लाइनमध्ये बसवलाय. पेडल दाबून बटण धरलं की पुढची चाकं लॉक होतात, पण ८-१० सेकंदांत प्रेशर उतरतं आणि बर्नआउटमध्ये (मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवताना) गाडी पुढे सरकते.

दोनदा ब्लीडिंग केलं (लाइनमधली हवा काढली). इन-आउटच्या खुणा बरोबर आहेत, बटण दाबलेलं असताना सोलेनॉइडवर १२ व्होल्ट मिळतात. सोलेनॉइडचे पोर्ट १/८ एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप आटे) असल्याने अडॅप्टर उद्यमनगरात लेथवर करून घेतले. थेंबभरही गळती नाही. एरवी पेडल घट्ट. ब्रेकचं काम आहे, अंदाजाने काही करायचं नाही.

अडॅप्टरचा बारीक कीस व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला असेल का? सोलेनॉइड काढून टेबलवर प्रेशर धरतो की नाही, हे खात्रीने कसं तपासायचं?