झिरपे लोकांचं बंड आठ वर्षं लपून कसं राहील? (कादंबरीसाठी मदत हवी)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तीन वर्षं झाली, पहाटे साडेचारला उठून एक कादंबरी लिहितेय. राज्य काल्पनिक आहे, पण दगडमाती इथलीच.

राज्याचं नाव कोंदण. चारही बाजूंनी कडे, मधे पठार, पठारावर राजाचा किल्ला. अंजनेरीवरून ब्रह्मगिरीकडे बघताना सुचलं. या राज्यात झिरपे नावाचे लोक राहतात, चाळीसात एक असे. त्यांना जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. आपल्याकडचा पाणाडी हातावर नारळ धरून विहिरीची जागा दाखवतो, तसं नाही. हे लोक खडकाला कान लावतात आणि आतली शीर कुठून कुठे वळते ते सांगतात. किल्ल्यावरची सगळी टाकी त्यांनीच शोधलेल्या पाण्यावर भरतात, पण त्या टाक्यांना त्यांनी हात लावायचा नाही. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं. आपली बोली बोलताना सापडला तर जिभेला डाग देतात. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने रोज दिवेलागणीला चावडीवर जाऊन राखेत अंगठा उठवायचा.

त्यांचं बंड असं आहे: भुयारांत उतरून ते एकेक शीर वळवत जातात. किल्ल्याचं पाणी दर उन्हाळ्यात वीतभर खाली जातं. राजा दुष्काळ समजतो. नवव्या वर्षी टाकी कोरडी पडतात.

अडचण इथे आहे. तिघींना वाचायला दिलं. एकीने विचारलं, "चार हजार माणसं, आठ वर्षं, आणि एकही फुटला नाही? आमच्या घरात चौघांत गोष्ट राहत नाही." खरं आहे तिचं. मी गुहेतली बैठक लिहिली आहे, मशाली आहेत, रक्ताची शपथ आहे, आणि ते प्रकरण वाचताना मलाच पटत नाही. दुसरं म्हणजे राजाचा धाकटा मुलगा या लोकांच्या बाजूला येतो आणि त्याच्यावाचून बंड उभंच राहत नाही, असं माझ्या हातून होऊन बसलंय. ते फार खुपतंय.

हे का लिहितेय ते सांगते, म्हणजे उत्तरं त्या अंगाने येतील. माझी आजी लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी येऊन वरून ओतेपर्यंत. त्याबद्दल ती फार बोलली नाही कधी. एवढंच म्हणायची, "उभं राहून राहून सावली किती सरकली ते मोजायचे." हे वाक्य माझ्या पहिल्या पानावर आहे. त्याच्यापुढे गुहा आणि मशाली खोट्या वाटतात.

सिन्नरकर

ताई, गुहा काढून टाका. राजाने तुमच्या लोकांना रोज संध्याकाळी एकत्र यायला लावलंय की! चार हजारांनी दिवेलागणीला चावडीवर यायचं हा त्याचाच हुकूम. बैठकीला आणखी काय लागतं? रांगेत कुणामागे कोण उभं राहिलं, कुणी अंगठा उठवला, कुणी करंगळी, एवढ्यात निरोप गेला.

अशी हजेरी आपल्या देशात खरीच होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. तो रद्द झाला १९५२ ला. हजेरी देणाऱ्याचा दिवस कसा कापला जातो ते लिहा. दोन हजेऱ्यांमधे माणूस जेवढा चालून परत येऊ शकतो, तेवढंच त्याचं जग. तुमच्या बंडाची लांबीरुंदीही तेवढीच. कुठली शीर आधी वळवायची हे त्यावर ठरेल.

राजपुत्राचं म्हणाल तर आमच्या तालुक्याचे भागोजी नाईक बघा. भिल्लांचे पुढारी, पण आधी अहमदनगरच्या पोलिसात अधिकारी होते. दंग्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. १८५७ ला हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी गाव सोडलं. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याजवळ चकमक झाली, त्यात पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं ते सरकारच्या हाती लागले नाहीत. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागऱ्याला लढताना पडले. सरकारचा माणूस कुठल्या वाटेने येतो, कुठे थांबतो, कशाला घाबरतो, हे त्यांना आतून माहीत होतं.

म्हणून म्हणतो, नायक राजवाड्यात शोधू नका. हजेरीची राख पसरणारा कारकून झिरपेच असू द्या. त्याला पगार आहे, त्याला दोन्हीकडून शिव्या आहेत, आणि कोण आलं नाही हे फक्त त्याला माहीत आहे.

मोसमकाठ

कारकुनाची कल्पना आवडली. मी पाण्याच्या बाजूने लिहितो, कारण आमचे वडील पाटकरी होते.

गाव बागलाणात, मोसम नदीवर. आमच्याकडे फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाला चाऱ्या, आणि शेताचे मोठाले फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कुणाला किती पाणी हे गाव ठरवतं आणि त्यासाठी गावानेच माणसं नेमलेली असतात, पाटकरी, बारेकरी, जागल्या. वडील रात्री दोनला कंदील आणि फावडं घेऊन निघायचे. त्यांना कुणी विचारलं नाही कधी कुठे चाललात म्हणून. कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. ताई, तुमचे लोक रात्री भुयारात उतरतात ते लपून कशाला? पाण्याची राखण हेच त्यांचं काम आहे ना? मग राजाच्या पहारेकऱ्यासमोरून, राजाचाच कंदील घेऊन उतरू द्या.

आता चारीचं तोंड बांधताना बघितलेलं सांगतो. वडील आधी गवताचा पेंढा आडवा घालायचे, मग चिखल, मग टाचेने दाबत जायचे. दाबताना आवाज बदलतो. आधी गुळगुळ, मग नुसती सुरसुर, मग एकदम गप्प. तो गप्प झाला की ते पाय काढायचे. खालच्या कुणाची अडचण असली, पाळी चुकली असली, तर पेंढा सैल ठेवायचे. सकाळी बघणाऱ्याला बांध बांधलेलाच दिसतो आणि तळातून पाणी चाललेलं असतं. मी सहावी-सातवीत होतो. मला ते म्हणाले नाहीत की कुणाला सांगू नको. म्हणायची गरज नव्हती.

तुमच्या चार हजारांचं उत्तर यात आहे. चार हजारांना माहीत असायची गरजच नाही. प्रत्येकाला आपापली चारी माहीत. एकाला सांगितलं, यंदा हा पेंढा सैल ठेव. का, ते त्याने विचारलं नाही. पूर्ण नकाशा डोक्यात असलेली माणसं पाचसहा, त्यातली दोन म्हाताऱ्या बाया असू द्या.

पण एक मोठी चूक आहे, ती आधी दुरुस्त करा. वळवलेलं पाणी जातं कुठे? आपला काळा पाषाण पाणी पोटात ठेवत नाही, ते भेगांतून आणि मुरमाच्या थरातून चालतं आणि कुठेतरी कड्याच्या पायथ्याशी फुटतंच. आठ वर्षं पाणी वळवलं तर खाली एखादी घळ वैशाखातही हिरवीगार राहील. आणि वैशाखात हिरवं दिसलं की गुराखी येणारच. तुमचं बंड माणूस फुटून उघडं पडणार नाही, गवतावरून पडेल. ते गवत रात्रीत कापायला कोण जातं? खाली पाणी मिळालेली गरीब गावं, जी झिरपे नाहीत, ती गप्प बसतात की राजाला जाऊन सांगतात? मला विचाराल तर तुमची कादंबरी त्या घळीत आहे.

डोंगरवाट

मी सुरगाण्याकडची, शाळेवर आहे. आमच्याकडे बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे लावून रात्रभर सोंगं नाचतात, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर. बाहेरून आलेल्याला वाटतं मुखवट्याआड कोण आहे ते कुणालाच कळत नसेल. पण कुठलं सोंग कुणाच्या घराण्याचं हा मान ठरलेला असतो. गावातल्या पोरालाही माहीत असतं की हा आपला मामा आहे. गावाला उघड आणि परक्याला झाकलेलं, असं ते असतं. झिरपे लोकांना असा एक सण द्या. राजाचे लोक तो बघायला येऊ देत, टाळ्या वाजवू देत. संबळाची चाल बदलली की कुठली शीर वळली ते सगळ्या रांगेला कळेल. त्यांची बोली बंद केली आहे म्हणालात ना? चाल कोण बंद करणार?

लग्नातल्या गोंधळात करपल्लवी बघितली असेल तुम्ही. पाहुण्याने एकाच्या कानात नाव सांगायचं, त्याने नुसती बोटं हलवायची आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याने ते नाव घ्यायचं. तेही वापरता येईल.

तांबट आळी

फुटण्याबद्दल थोडं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. त्या धरपकडीत गुप्त संघटनेचे धागे भराभर उकलले, माफीचे साक्षीदार उभे राहिले. शपथा तिथेही होत्या. तेव्हा कुणीतरी फुटू द्या, आणि त्याला दुष्ट करू नका. त्याच्या पोराला डाग द्यायला आणलं असेल. फुटूनही त्याला आपल्या एका चारीपलीकडे काही सांगता आलं नाही, असं झालं तर वरच्या दादांचा मुद्दाही सिद्ध होतो.

पंचवटीतला

सगळं वाचलं. माझा प्रश्न नवव्या वर्षाचा आहे. टाकी कोरडी पडली, मग? "हे आम्ही केलं" असं कोण म्हणतं? कुणीच म्हटलं नाही तर राजाच्या दृष्टीने तो दुष्काळच राहतो आणि दुसऱ्या दिवशी हजेरी पुन्हा सुरू होते.

मी काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजासमोरून रोज कामाला जातो. २ मार्च १९३० ला इथे सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर होते, नाशिकचे दादासाहेब गायकवाड होते. दारं बंद करून घेतली होती. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया, चारही दारांवर वाटून बसलेल्या. गुप्त काहीच नव्हतं. नाव सांगून, तोंड दाखवून बसले. आमच्या घरातले एक जण शेवटच्या वर्षांत आले होते. घरची आठवण अशी की निघताना त्यांच्या आईने भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, परत आल्यावर दुकानदार मीठ देणार नाही, ते आधीच आणून ठेवलंय. गावात परतल्यावर मजुरी बंद, दुकान बंद. हे त्यांना जाताना माहीत होतं.

सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दाराशी बसलेली माणसं उठली आणि त्यांनी दाराकडे पाठ फिरवली. ताई, तुमच्या लोकांना शेवटी त्या टाक्यांचं पाणी हवंच आहे का, याचा विचार करा. पाणी तर त्यांच्यामागून कुठेही येतं.

गोदाकाठची

काल दुसऱ्या पाळीवरून येऊन हे सगळं दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य तर वहीत उतरवून घेतलं.

गुहेचं प्रकरण काढलं, बावीस पानं. धाकटा राजपुत्र आता सोंगं बघायला येऊन टाळ्या वाजवणाऱ्यांत आहे, एवढंच त्याचं काम. कारकून बाई आहे. तिची आई रांगेत तिच्यासमोर रोज अंगठा उठवते आणि दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. जो फुटतो तो तिचा भाऊ.

नवव्या वर्षी ती राख पसरत नाही. चावडीवर नुसता दगड. लोक येतात, बघतात, आणि कुणी काही न बोलता घळीच्या वाटेला लागतात. ज्या खालच्या गावांनी आठ वर्षं ते हिरवं गवत बघून तोंड उघडलं नाही, त्यांतली काही माणसं वाटेत उभी आहेत. ती पाणी ओततात की घागर पुढे करतात, एवढं अजून ठरलेलं नाही माझं. आजी असती तर तिला विचारलं असतं.

मोसमकाठ दादा, एक राहिलंच. पेंढा कशाचा असायचा? तो प्रसंग मला हाताने करून बघायचाय, मग लिहीन.

मोसमकाठ

लव्हाळ्याचा. पाटाच्या कडेलाच असतो. ओला कापा आणि लगेच घाला. वाळला की तरंगतो.