प्रतिसाद: एकरकमी मदत की दरमहा पालकत्व?

एका वाचकाने विचारलंय की परदेशात सोडवून आणलेल्या आजारी फेरेटांचं (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) सांभाळणाऱ्या संस्थेला दरमहा पैसे देऊन पालकत्व घेतात, तसं इथल्या जखमी-आजारी कुत्र्यांसाठी करावं की एकदाच मोठी रक्कम द्यावी. माझं मत ठामपणे दरमहाच्या बाजूने.

आजारच तसे आहेत. फेरेटला इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ, झाला की रक्तातली साखर घसरत राहते. औषधं आणि थोड्या थोड्या वेळाने खाणं, हे शेवटपर्यंत. आपल्या चिपळूण-रत्नागिरीकडे फेरेट नाहीत, पण महामार्गावर गाडीखाली येऊन कंबरेपासून लुळे पडलेले कुत्रे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी पोट हलक्या हाताने दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, नाहीतर संसर्ग ठरलेलाच. फरफटून कातडी सोलवटते, त्यात आपला पाऊस. अंथरूण वाळत नाही, जखमेत अळ्या पडतात. फिट्स येणाऱ्या कुत्र्याची फेनोबार्बिटोनची गोळी तर अचानक बंद झाली की फिट्स उलट बळावतात. गणपतीत वर्गणी भरपूर आणि शिमग्यापर्यंत गोळ्या संपल्या, असं चालत नाही हो.

‘त्यापेक्षा नसबंदीला पैसे द्या’ हे म्हणणं मला पटतं, पण तो खर्च वेगळा काढावा. आज दारात पडलेल्या जिवाला त्याचा उपयोग नाही.

एकट्याला जड जात असेल तर वाडीतले आणि मुंबईचे चाकरमानी मिळून एकाच प्राण्याचं पालकत्व घ्या. संस्थेकडे औषधाची बिलं जरूर मागा. आणि तो गेला तर हप्ता थांबवू नका, पुढचा आलेलाच असतो.